पाच मिनिटांचा रस्ता

नाही, पण मला एक सांगा, दोन दिवसांच्या सहलीचा कार्यक्रम आखायला अकरा दिवस लागले तर त्यात माझं काय चुकलं? बायको म्हणते, देवानं सहा दिवसांत अख्खं जग उभं केलं. केलं असेल. पण देवाला सिएनात पाहुणे फिरवायचे नव्हते, आणि देवाला व्याही नव्हते! मला आहेत. म्हणजे अजून झालेले नाहीत, व्हायचेत, आणि ते माझे व्याही म्हणून या गावात मिरवणार की मी त्यांचा व्याही म्हणून त्यांच्या गावात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणार, हे ज्या दोन दिवसांवर ठरायचं होतं त्या दोन दिवसांबद्दल मी बोलतोय. तेव्हा जरा ऐकून घ्या.

तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं या गावात बातमीदारी केली. सात महापौर बघितले, त्यातल्या पाच जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं, उरलेले दोघं तेवढे दिवस टिकलेच नाहीत. पूर म्हणू नका, संप म्हणू नका, निवडणूक म्हणू नका, उभ्या उभ्या बातमी लिहून दिलीय. आणि मला माझी मुलगी सांगते, बाबा, एवढं काय त्यात, दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे!

ही आमची कोस्तान्झा. एकुलती एक. नोकरीसाठी बेर्गामोला गेली ती गेलीच, आणि तिथं तिनं मात्तिया शोधला. मुलगा चांगला आहे. बोलतो कमी, जेवतो पोटभर, बापाच्या तक्रारी करत नाही. बाप म्हणजे तार्चिझियो लोकातेल्ली. दाराच्या बिजागऱ्यांचा कारखाना होता त्यांचा, आता विकला, पण मिलिमीटर काही डोक्यातून गेलेला नाही. आई पिएराबाई, गुडघ्यांनी हैराण. लग्न सप्टेंबरात. आता ते कुठं व्हायचं? इथं, आमच्या पेठेच्या चर्चमध्ये, जिथं माझं झालं, माझ्या वडिलांचं झालं? की तिकडं एका तळ्याकाठच्या हॉटेलात, जिथल्या मॅनेजरला व्याही नावानं ओळखतात? कोस्तान्झानं फोनवर तुकडाच पाडला. ते दोघं एप्रिलअखेरच्या जोडसुट्टीत येतायत, सिएना त्यांनी पाहिलेलं नाही, गाव आवडलं आणि तुम्ही आवडलात तर लग्न इथं. नाहीतर तिथं. कार्यक्रम तुम्ही आखा, आणि कुणाशी भांडू नका.

मी! भांडतो! पस्तीस वर्षं लोक माझ्याशी भांडले, त्याचं खापर माझ्यावर.

बरं, पहिला कार्यक्रम मी एकाच संध्याकाळी केला होता. सुरेख होता. सकाळी कॅथेड्रल, मग चित्रं, मग मैदानात उन्हात बसणं, दुपारी आमच्या ओळखीच्या खाणावळीत पिची, म्हणजे हातानं वळलेल्या जाड शेवया, आणि रानडुकराचा रस्सा, आणि संध्याकाळी आमच्या पेठेचं संग्रहालय, जे मी स्वतः दाखवणार. तेवढ्यात व्याह्यांकडून त्यांचा तक्ता आला. कॅथेड्रल, नऊ दहा ते दहा पंचवीस. मनोरा, चारशे पायऱ्या, चौदा मिनिटं. मग कंसात, बसणे, सहा मिनिटं. आणि शेवटी एक विनंती, की तुमच्याकडच्या पावाला मीठ नसतं असं ऐकलंय, तर मिठाचा पाव कुठं मिळतो? हे ऐका! आठशे वर्षं आम्ही बिनमिठाचा पाव खातोय, कुणी मेलं नाही. तरी मी गिळलं. पाव नाही, राग. मिठाच्या पावाची बेकरी शोधून ठेवली. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे.

आणि मग तक्त्याच्या तळाशी बघतो तर हॉटेलचा पत्ता.

मी खालीच बसलो. म्हणजे बसलेलाच होतो, पण अजून खाली बसलो.

आता तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो, आमच्या गावात सतरा पेठा. प्रत्येकीचं निशाण वेगळं, रंग वेगळे, चर्च वेगळं, आणि वर्षातून दोनदा मैदानात घोडे पळतात ते पेठांच्या नावानं. आमची पेठ बगळ्याची. हसू नका, चांगला पक्षी आहे. आणि आमच्या शेजारी एक पेठ आहे. तिचं नाव मी घेत नाही. आमच्या घरात कुणी घेत नाही. निशाण म्हणजे एक प्राणी आहे, एवढंच सांगतो. कोस्तान्झा लहानपणी चित्रांच्या पुस्तकातून प्राणी शिकली, तो एक प्राणी सोडून. तेवढं पान मी चिकटवून टाकलं होतं. प्राणिसंग्रहालयात नेलं, तेव्हा त्या पिंजऱ्यासमोरून आम्ही मान वळवून गेलो. पोरीला नऊ वर्षांची होईपर्यंत वाटायचं, तिथं काहीतरी सांसर्गिक ठेवलेलं असतं.

का, विचारा ना! एकेचाळीस वर्षांपूर्वी, ऑगस्टची शर्यत, तिसरी फेरी, आमचा घोडा पुढं. पुढं म्हणजे अर्धा घोडा नव्हे, दोन घोडे पुढं! आणि वळणावर त्यांच्या जॉकीनं आतून घुसून स्वतःचा घोडा आडवा घातला आणि आमच्याला भिंतीशी दाबून धरलं. स्वतः जिंकायचा विचारच नव्हता त्याचा. बगळा जिंकता कामा नये, बस्स. नियमात बसतं ते, मला माहितीये, नियम मला शिकवू नका. त्यानंतर आजतागायत आम्ही एकही शर्यत जिंकलेलो नाही. जी पेठ सर्वात जास्त वर्षं हरते तिला गाव आजी म्हणतं. आम्ही आजी. मी त्रेसष्ट वर्षांचा दाढीवाला माणूस, रस्त्यानं जाताना पोरं विचारतात, काय आजी, कुठं निघालात?

तर त्या संध्याकाळी, बावीस वर्षांचा मी, त्यांच्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि म्हटलं, या रस्त्यावर मी मरेपर्यंत पाऊल ठेवणार नाही. आणि नाही ठेवलं! आमच्यातली तरुण मंडळी जातात खुशाल, शर्यतीचे दिवस सोडले तर सगळेच जातात, पण मी म्हणजे मी. माझा दातांचा डॉक्टर त्या रस्त्यावर राहायला गेला, तर मी डॉक्टर बदलला. आता दाढ दुखली की चौदा किलोमीटर जातो. एकदा त्या रस्त्यावर तळघराला आग लागली आणि मला पेपरानं पाठवलं. मी कोपऱ्यावर उभा राहून बंबवाल्यांना ओरडून ओरडून प्रश्न विचारले. धुराचा रंग बरोबर छापला होता मी, कुणाचीही तक्रार आली नाही.

आणि माझे व्याही त्या रस्त्यावरच्या हॉटेलात! पैसे भरलेले, खोली ठरलेली. पिएराबाईंनी बागेचा फोटो बघून पसंत केलेली. रस्ता सरळ मैदानात निघतो, पाच मिनिटं.

आता तुम्हीच सांगा, पाहुण्यांना घेऊन मी कसा यायचा त्या रस्त्यानं? ते तिथं झोपणार, ठीक आहे, झोपेत माणूस काही बघत नाही. पण जागेपणी? मग मी शोध लावला. पत्रकार आहे, शोध लावणं हा धंदा. त्या हॉटेलच्या मुदपाकखान्याला मागचं दार आहे आणि ते दुसऱ्या पेठेच्या बोळात उघडतं. ती पेठ तटस्थ. झालं! मागच्या दारानं बाहेर पडायचं, कचऱ्याच्या डब्यांच्या डावीकडून बोळ उतरायचा, खाली वेशीपर्यंत जायचं, तटाबाहेरून वळसा घालायचा, पलीकडचे सरकते जिने चढायचे, चालू असतील तर, आणि मग पाठीमागून मैदानात शिरायचं. पस्तीस मिनिटं. कॅथेड्रलहून परत, पुन्हा तसंच. जेवायला, तसंच. मी नकाशा काढला, हातानं, पेन्सिलीनं, झाडंबिडं दाखवून, आणि त्या पेठेच्या जागी नुसता कोरा कागद सोडला. आखीव काम. दहा दिवस मी ते करत होतो, प्रत्येक बोळ पायानं मोजला, कुठं सावली, कुठं बाकडं, पिएराबाईंचे गुडघे लक्षात घेऊन.

ग्रात्सिएल्लाला दाखवलं. बायको माझी, ग्रोस्सेतोची, बाहेरची, तिला पेठाबिठा काही लागत नाहीत. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "इवानो, ही सहल आहे की त्यांनी काही पाप केलंय?"

मी तिला समजावलं. चाळीस वर्षांचं व्रत आहे, लग्नाच्या घाईत मोडायचं का? तर म्हणाली, तुझं व्रत तुझ्यापाशी, मी गेली तीस वर्षं त्याच रस्त्यावरून चीज आणते. मी म्हटलं, कुठलं चीज? ती म्हणाली, जे तू बोटं चाटून खातोस ते. मी म्हटलं, ते राखेत मुरवलेलं? ती म्हणाली, तेच.

तीस वर्षं! माझ्या घरात! माझ्या ताटात! तुम्हाला सांगतो, दोन दिवस मी त्या चीजकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी, जाऊ द्या, तो विषय नाही.

कार्यक्रम पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोन. अत्यंत सभ्य आवाज, प्रत्येक शब्द तेल घातलेल्या बिजागरीसारखा. म्हणाले, कागद मिळाला, मेहनत दिसते, आभारी आहे, फक्त एक शंका. कॉम्प्युटरवर हॉटेल ते मैदान तीनशे ऐंशी मीटर दिसतंय आणि तुमच्या कागदावर दोन किलोमीटर सातशे, तर कॉम्प्युटर चुकतोय का? मी म्हटलं, कॉम्प्युटरला चढ कळत नाहीत. ते म्हणाले, चढ तर तुमच्या रस्त्याला जास्त आहेत, मी उंचीही बघितली. आणि स्वयंपाकघरातून का जायचं? पिएरा विचारते.

आता बघा, पस्तीस वर्षांत मी खोटं छापलेलं नाही. चुकीचं छापलं असेल, खोटं नाही. पण त्या क्षणी तोंडातून निघून गेलं, की समोरच्या रस्त्याचं काम काढलंय, सगळं खणून ठेवलंय, माणसं पडतायत. व्याही म्हणाले, अस्सं. आणि फोन ठेवला. मी म्हटलं सुटलो! दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे, खणला असेल कुणीतरी रस्ता!

अहो, बिजागऱ्या करणारा माणूस! त्यानं नगरपालिकेला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, रस्ता उत्तम आहे, गेल्याच वर्षी नवी फरसबंदी झालीय, या जरूर, कुठून येताय? हे मला कसं कळलं? कोस्तान्झाचा फोन आला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. ती अगदी हळू बोलत होती.

"बाबा, ते रागावलेले नाहीत. ते एवढंच म्हणाले की जो माणूस पाहुण्यांना मागच्या दारानं काढतो आणि वर खोटं कारण देतो, त्याला पाहुणे नको असतात. त्यांना वाटतं, तुम्हाला मात्तिया पसंत नाही."

मी म्हटलं, असं कसं वाटतं त्यांना?

"मग काय वाटायला हवं? ते हॉटेल रद्द करतायत. तळ्याकाठची तारीख मिळतेय म्हणे."

मी फोन ठेवला. ग्रात्सिएल्ला समोर वाटाणे सोलत होती. एक एक वाटाणा भांड्यात पडत होता आणि प्रत्येक वाटाणा मला काहीतरी सुनावत होता. मला त्या पोराचा आमच्या टेबलावर जेवतानाचा चेहरा आठवला. पसंत नाही म्हणे! दोन वेळा मागून घेतो रस्सा, कसा पसंत नसेल?

मी फोन उचलला आणि व्याह्यांना सगळं सांगून टाकलं. पेठ, घोडा, वळण, जॉकी, आजी, दातांचा डॉक्टर, आग, चिकटवलेलं पान, सगळं. एवढी लांब बातमी मी आयुष्यात कुणाला सांगितली नसेल. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं, आणि तुम्हाला सांगतो, मोठ्यानं ऐकलं की फार चमत्कारिक वाटतं हो! मनात असताना ते इतकं सरळ होतं. शेवटी मी थांबलो. मला वाटलं लाइन गेली. मला वाटलं हसतायत. मला वाटलं, चला, तळ्याकाठी कोपऱ्यातली खुर्ची पक्की.

मग व्याही म्हणाले, "मी ब्रेशाला गेलो नाहीये अठ्ठ्याऐंशी सालापासून."

ब्रेशा म्हणजे त्यांचं शेजारचं गाव, गाडीनं तासभर. फुटबॉलचा काहीतरी सामना होता, त्यात कुणीतरी कुणाच्या तरी मफलरवर काहीतरी ओतलं होतं. तेव्हापासून हा माणूस पूर्वेकडं निघाला की हमरस्ता सोडतो आणि डोंगरातून वळसा घालून जातो. एक तास दहा मिनिटं जादा, मोजलेली आहेत. बिजागऱ्यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक ब्रेशाचं होतं, ते सोडलं. पिएराबाईंना सांगितलंय की तिकडं धुकं फार असतं. मी म्हटलं, बारा महिने? ते म्हणाले, पस्तीस वर्षं विश्वास ठेवतेय. मागून पिएराबाईंचा आवाज आला, की कोण ठेवतंय विश्वास?

काय सांगू तुम्हाला, अर्धा तास बोललो आम्ही! जन्मात भेटलेलो नाही, आणि असं वाटलं की शाळेत एका बाकावर होतो. ते म्हणाले, हे आधी सांगायचं ना, मला वाटलं माणसात काही खोट आहे. मी म्हटलं, मग तळं रद्द? आणि तिथं तो माणूस पुन्हा कारखानदार झाला. आवाज तोच सभ्य. म्हणाला, "इवानो, माझ्या मुलानं ब्रेशाची मुलगी आणली असती तर मी तिच्या दारात गेलो असतो की नाही, खरंच सांगता येत नाही. पण तुम्ही या. शुक्रवारी सकाळी नऊला, हॉटेलच्या पुढच्या दारी, आम्हाला न्यायला. आलात तर लग्न तुमच्या चर्चमध्ये. शब्द आहे माझा."

मी म्हटलं, आणि नाही आलो तर? ते म्हणाले, तर मला तुमचा आदर वाटेल. पण लग्न तळ्याकाठी.

बघा कसा कोंडीत धरला! नियमात बसवून! वळणावर भिंतीशी दाबतात ते असंच.

रात्रभर, जाऊ द्या, रात्रीचं काय सांगायचं, झोपलो मी. सकाळी उठलो, दाढी नीट केली, बूट पुसले. ग्रात्सिएल्लानं विचारलं कुठं, मी म्हटलं पाय मोकळे करायला. ती म्हणाली, येताना चीज आण. हिला सगळं कळतं, आणि कळलेलं लपवायचं कसं हे मात्र अजिबात कळत नाही.

विचार असा, की शुक्रवारी व्याह्यांसमोर पाय अडखळायला नकोत. आधी एकदा एकट्यानं जाऊन बघावं. शिवाय वेळ मोजायला हवा, पाच म्हणजे पाचच का सहा, त्या माणसाला तक्त्यात लिहून द्यावं लागतं. कोपऱ्यावर आलो. थांबलो. मला वाटत होतं आता खिडक्या उघडतील. कुणीतरी ओरडेल. एकेचाळीस वर्षांनी बगळेवाला इवानो स्क्लावी, यांच्यावर दर गुरुवारी सदरातून आसूड ओढणारा, यांच्या रस्त्यात पाय टाकतोय, म्हणजे काय गंमत आहे? माफी मागायची नाही, हे ठरवून आलो होतो. टोमणा आला तर द्यायची तीन उत्तरं तयार होती, एकाहून एक जहाल. घड्याळ बघितलं आणि टाकलं पाऊल.

काहीही झालं नाही.

दुसरं टाकलं. एक मांजर बघत होतं, त्यानंही डोळे मिटून घेतले. रस्ता छान होता, तेवढं कबूल करतो, फरसबंदी खरंच नवी होती. चपलांच्या दुकानाबाहेर एक बाई पायरी धूत होती, असेल तीस-बत्तीसची. तिनं माझ्याकडं बघितलं, मी छाती काढली, पहिलं उत्तर जिभेवर घेतलं. तर ती हसली आणि अगदी सावकाश, मोठ्यानं, परदेशी माणसाशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मैदान ना? सरळ जा. पाच मिनिटं. चढ आहे, आजोबा, दमलात तर बसा."

मला! रस्ता सांगते! माझ्या गावात! पण तिची तरी काय चूक? मी बहिष्कार टाकला तेव्हा ही जन्मलीच नव्हती. या रस्त्यावर चाळिशीच्या आतल्या एकाही माणसानं मला कधी बघितलेलं नाही, आणि त्याची तजवीज मीच केलेली! मी तिला म्हटलं, आभारी आहे. दुसरं काय म्हणणार?

पण तुम्हाला सांगतो, अजून आशा होती. कारण पुढं त्यांच्या पेठेच्या कचेरीच्या दारात खुर्ची टाकून नेल्लो बसला होता. नेल्लो म्हणजे त्या साली त्यांचा कप्तान. आमच्या घोड्याला भिंतीशी दाबायचा हुकूम दिला तो या माणसानं! आता ऐंशीच्या घरात, मांडीवर घोंगडी, पण नजर शाबूत. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. सरळ डोळ्यात बघितलं. म्हटलं, हा तरी ओळखेल. याला तरी हिशेब ठाऊक आहे. याच्यासाठीच तर केलं सगळं!

त्यानं डोळे बारीक केले. ओळखलं. चेहरा उजळला त्याचा. खुर्चीतून अर्धवट उठून माझा हात धरला, दोन्ही हातांनी, आणि म्हणाला, "अरे इवानो, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीस या बाजूला. बरं नव्हतं का?"

आता काय सांगणार त्याला? मी म्हटलं, नाही, जरा कामात होतो.